बोनट गरम होतं, सुधाकर

सुधाकर, तुझी तेरवी होऊन आठवडा झाला. पंगती उठल्यावर मंडपात चार जणांनी माइकवर तुझ्याबद्दल दोन-दोन शब्द सांगितले. तुझ्या पितळी भांड्यांच्या दुकानाबद्दल बोलले. तुझ्या मोकळ्या हसण्याबद्दल बोलले. शेवटी उठलेला म्हणाला, "सुधाकरभाऊनं त्या गाडीच्या बाबतीत वामनरावांचं ऐकलं असतं, तर आज ते आपल्यात राहिले असते." सगळा मंडप माझ्याकडे वळला. मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं. शेजारच्यानं माझा हात दाबला.

त्या वाक्यासाठी हे लिहितो आहे. ते वाक्य खोटं आहे. मी तुला गाडी घेऊ नको असं म्हटलं नव्हतं. मी "घे" म्हटलं होतं. खोटं बोलायला सुरुवात तू केलीस आणि वर्षभर मी ते गप्प राहून वाढवलं. तुझ्या नितीननं तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. "वामनकाका, तुम्ही लिहाच, बाबाले तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं," म्हणाला. तर हे त्या पुस्तिकेसाठी. वाचून झाल्यावर छापायचं की नाही, ते त्यानं ठरवावं.

तुला ठाऊकच आहे, पण नव्या मंडळींसाठी सांगतो. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला माझं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. पस्तीस वर्षं मी इंजिनांच्या कुशीत काढली. भंडाऱ्यात कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी माझ्याकडे यायचा. माझ्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कोणतं बेअरिंग गेलं, कोणता व्हॉल्व्ह ढिला आहे, ते मी सांगायचो. गॅरेज बंद केल्यावरही लोक येतच राहिले. माझा एकच नियम होता: बोनटवर हात ठेवला तर ते थंड लागलं पाहिजे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा ती आपलं सगळं दुखणं सांगते. गरम झाल्यावर तेल चढतं आणि ती गप्प होते. विकणारा गाडी तापवून ठेवत असेल तर तिथून चपला घालून निघायचं, हे मीच तुला किती वेळा सांगितलं होतं.

तुला त्या गाडीचं वेड लागलं ते कुसुमवहिनींच्या पाठीमुळे. हे आज गावाला कळलं पाहिजे. गाव म्हणतं, दुकान पोराच्या हाती दिलं आणि म्हाताऱ्याला शौक चढला. वहिनींच्या मणक्याचं दुखणं वाढलं होतं. कोणत्याही गाडीत पाय उचलून चढता येत नव्हतं, अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं. कोक्याच्या जंगलापलीकडे त्यांचं माहेर. त्या रस्त्यानं सहा वर्षं त्या गेल्या नव्हत्या. माहेरच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून पाण्यात पाय सोडायचे, एवढंच त्या मागायच्या, तेही मागितल्यासारखं नाही, सहज बोलता बोलता. तू तरुणपणी त्याच गावांच्या आठवडी बाजारात जीपमधून गुंड-गंज अशी पितळी भांडी विकायला जायचास. बायकोही तिथलीच आणलीस.

एक दिवस चहाच्या टपरीवर तू मोबाईल माझ्या नाकापुढे धरलास.

"वामन्या, हे पाय. परदेशी गाडी हाय. जंगल, चिखल, नाला, काही बी. अन् खाली बसते!"

"बसते म्हंजे?"

"बटन दाबलं का बसते. हवेवर हाय न बे. कुसुमले पाय उचलाच लागत नाही."

"अन् मंग उठली नाही तं?"

"तं तू कायले हायेस?"

"सुध्या, गाडी घेऊन राहिला का म्हैस?"

टपरीवरचे सगळे हसले. तूही हसलास. पण त्या दिवसापासून महिनाभर आपण दुसरं काही बोललो नाही. मी तुला त्या वेळी जे सांगितलं, ते सगळं बरोबर होतं. माझी अक्कल शाबूत होती, हेच तर आता जास्त टोचतं. मी म्हणालो, दहा वर्षं जुनी आहे, म्हणून निम्म्याच्याही निम्म्यात मिळते आहे. गाडी नवी होती तेव्हा तिला नव्या गाडीचा मालक पोसत होता. किंमत उतरली, पण तिचं खाणं उतरलं नाही. स्प्रिंगच्या जागी असलेल्या चार हवेच्या पिशव्या रबराच्या आहेत, दहा वर्षांत रबर चिरतंच. एक चिरली की कंप्रेसर हवा भरून भरून जळतो. एका पिशवीच्या किमतीत देशी गाडीचे चारही शॉकअप बदलून होतात. स्पेअर पार्ट भंडाऱ्यात नाही, नागपुरात नाही, तो मुंबईहून येईल, आणि येईपर्यंत गाडी दारात. या इंजिनची टायमिंग चेन लांबते, मग थंड इंजिन सुरू करताना खडखडते. ती बदलायची तर अख्खी बॉडी उचलावी लागते. त्यापेक्षा ती दणकट देशी गाडी घे. वरठीपासून लाखनीपर्यंत कोणताही मिस्त्री डोळे मिटून खोलतो.

तू म्हणालास, "तिच्यात कुसुम बसंल का? दोन खड्ड्यांत तिचा मणका हाती येईन माया."

मी म्हणालो, "बरं, मग अशीच गाडी पाहू, पण चांगली सांभाळलेली. सर्व्हिसची पावती न पावती पाहिजे. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते पाहिजे. रात्रभर उभी ठेवून सकाळी बसली का ते पाहायचं. अन् थंड इंजिन ऐकल्याशिवाय हो म्हणायचं नाही."

वहिनी चहा देताना मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, यायले समजवा न. या वयात नवरदेवावानी घोडा पाहून राहिले." तू लाजला होतास. खरंच लाजला होतास.

आता तो दिवस.

नागपूरच्या रिंगरोडवर तो दलाल होता. सकाळी दहाला आपण पोचलो. गाडी झाडून-पुसून उभी होती. दलाल म्हणाला, "चाचाजी, मक्खन है. एक हाथ की गाड़ी है." मी सवयीनं बोनटवर हात ठेवला.

गरम होतं.

तूही हात ठेवलास. तू माझ्याकडे पाहून हळूच म्हणालास, "वामन, बोनट गरम हाय न?"

इथं मला निघायला हवं होतं. चपला पायातच होत्या. पण सुधाकर, मी काय म्हणालो? "रस्त्यावर फिरवून आणली असंल. काही होत नाही." आणि पिशवीतून पेचकस काढला.

मी असं का म्हणालो, ते आजवर कोणालाच सांगितलं नाही. त्याच्या तीन वर्षं आधीच माझा उजवा कान गेला होता. पूर्ण. डाव्यानं समोरच्याचं बोलणं कळायचं, पण बारीक आवाज नाही: घड्याळाची टिकटिक नाही, कुकरची शिट्टी लांबून नाही, चेनची खडखड तर नाहीच. पस्तीस वर्षं ट्रकांच्या इंजिनाला चिकटून राहिलो, त्यानं कान खाल्ला. लोक गाड्या घेऊन येत राहिले. मी पेचकस लावत राहिलो. दातांत थरथर कळायची, सायलेन्सरचा धूर पाहायचो, तेलाची काडी बोटावर चोळायचो, आणि अंदाजानं सांगायचो. बहुतेकदा जमलं. जमलं नाही तिथं "गाडी चांगली होती, चालवणारानं मारली" असं म्हटलं. माझ्याकडे दुसरं होतं काय? बायको गेली, मुलगी लग्न करून गेली, गॅरेज बंद झालं. माझ्याकडे गावातला तो कान होता.

म्हणून थंड इंजिनाची मला भीती वाटायला लागली होती. थंड इंजिन बोललं असतं, ते शेजारी उभ्या असलेल्या तुला ऐकू आलं असतं आणि मला नाही. मग तू विचारलं असतंस, "हे खडखड कायची बे?" बोनट गरम लागलं तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तेच खरं आहे. मला बरं वाटलं.

मी मूठ उजव्या कानाला लावली. डाव्याला लावली असती तर निदान काही कळलं असतं, पण उभ्या जन्मात मी तो कान वापरला नव्हता, आणि तू पाहत होतास. मी डोळे मिटले. नुसता काळोख होता. किती वेळ मिटून राहावं, याचा अंदाज घेतला. बरोबर तेवढाच वेळ घेऊन डोळे उघडले.

तू माझ्या चेहऱ्याकडे पाहत होतास. मग तू म्हणालास, "वामन, एकदा इथंच नागपुरात मोठ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर लावून पायची का? अन् रातभर इथंच राहून सकाळी ऐकू. माया साडू हायेच इथं."

मी तुझ्यावर उखडलो. दलालासमोर. "माया कानावर भरोसा नाही का तुया? मंग आणलं कायले मले?"

तू लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "नाही रे, तसं नाही. तू सांग."

"घे," मी म्हणालो.

तू घेतलीस.

पहिले तीन महिने चांगले गेले, हेही लिहायला हवं. तू गाडी अंगणात आणलीस, वहिनींना दाराशी उभं केलंस आणि बटण दाबलंस. ती सगळी धिप्पाड गाडी हळूहळू खाली आली. वहिनी तोंडावर पदर धरून हसल्या. "अगं बाई! नमस्कार करून राहिली मले." सुधाकर, त्या हसण्यासाठी मी तुझ्याबरोबर पुन्हा शंभर वेळा नागपूरला गेलो असतो. तू त्यांना बसवून वैनगंगेच्या पुलापर्यंत नेऊन आणलंस. वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, रस्ता लागलाच नाही हो." तो फोन डाव्या कानाला होता. तो मला शब्दन् शब्द ऐकू आला.

माहेरचा बेत होळीनंतरचा ठरला. होळीच्या आधीच गाडी एका सकाळी उजवीकडे कललेली दिसली. पिशवी. मग कंप्रेसर. मग गिअरबॉक्स. पार्ट येईपर्यंत दोन-दोन महिने गाडी अंगणात बसून. येणारे-जाणारे फाटकातून विचारायचे, "भाऊ, म्हैस उठली का?" माझाच विनोद होता तो, गावभर फिरून परत आला होता. ती मोठी कामं झाली, पण भरवसा गेला. जंगलाच्या रस्त्याला वहिनींना न्यायची हिंमत तू केली नाहीस. बेत पुढे, अजून पुढे.

आणि टपरीवर एकानं विचारलंच. "सुधाकरभाऊ, गाडी तं वामनभाऊनं पायली होती म्हणते न?"

मी तिथंच बाकावर होतो. हातात चहा होता. मला वाटलं, आता. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. म्हणालास, "अबे, वामननं तं सरळ नाही म्हटलं होतं. मलेच खाज होती. मीच नाही ऐकलं."

मी चहा पीत राहिलो. सुधाकर, मी चहा पीत राहिलो.

त्यासाठी मी तुझा ऋणी आहे आणि त्यासाठीच तुझ्यावर माझा राग आहे. कायले केलंस असं? त्या दिवशी चारचौघांत मला म्हटलं असतंस, "वामन्या, बहिरा झालास का बे?" तर मी चिडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, पण सुटलो असतो. तू मला इतकं जपलंस की मी आत सडलो. घरी येऊन रोज ठरवायचो, उद्या सांगू. तू रोज भेटायचास, हसायचास, आणि मला वाटायचं, त्यानं गोष्ट मिटवली आहे, आपण कायले उकरा?

शेवटच्या संध्याकाळी तू टपरीवर मला सांगितलंस, "उद्या कोक्याकडून जाऊन रस्ता पाहून येतो. गाडी आता बरी चालून राहिली. जमलं तं परवा कुसुमले घेऊन जातो. तिले सांगू नको, नाही तं रातभर झोपनार नाही." नितीनलाही सांगायचं नव्हतं. "बाबा, गाडी गावाबाहेर काढायची नाही," असं त्यानं बजावलं होतं. मी म्हणालो, मी येतो. तू म्हणालास, मे महिन्याचं ऊन आहे, तुला सोसणार नाही, घरीच राहा.

जंगलात गाडी बंद पडली. लांबलेल्या चेनमुळे तापलेलं इंजिन मध्येच थांबलं असावं. बारा वाजून वीस मिनिटांनी तू मला फोन केलास. मग चोविसाव्या मिनिटाला. मग एकतिसाव्या. नितीनला केला नाहीस, तो रागावला असता. फक्त मला. मी घरी होतो. जागा होतो. खाटेवर डाव्या कुशीवर पडून पेपर वाचत होतो; चांगला कान उशीत, फोन पाठीमागे स्टुलावर. माझ्या पाठीपासून फूटभर अंतरावर तो तीन वेळा वाजला असेल. मी त्या वेळी बाजारभावांचं पान वाचत होतो, तेही आठवतं.

तू चालत निघालास. तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बायकांना तू रस्त्याच्या कडेला सागाला टेकून बसलेला दिसलास. त्यांनी पाणी पाजलं, गाडी मिळवली. भंडाऱ्याच्या वाटेवरच तू गेलास. डॉक्टर म्हणाले, हृदयच होतं, कधीही झालं असतं. असंल. पण त्या उन्हात चालायला तुला कोणी लावलं? संध्याकाळी नितीन गाडी आणायला गेला, तर थंड झालेली ती एका बटणात सुरू झाली.

आता तुला माहीत नाही ते सांगतो.

तेरवीनंतर नितीन माझ्याकडे आला. "काका, आई दिवसभर खिडकीत बसून त्या गाडीकडे पाहून राहते. जेवत नाही. मले ते गाडी अंगणातून काढाची हाय. तुमसरचा एक धानगिरणीवाला तयार हाय, पण तो म्हणते, वामनरावनं कान लावला तं घेतो. तुमी फक्त ठीक हाय म्हणा."

तुझ्या बायकोच्या डोळ्यांपुढून ती गाडी जायला हवी, हे मलाही दिसत होतं. माझ्या एका शब्दानं जाणार होती. मी हो म्हणालो. सुधाकर, तू जाऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि मी पुन्हा हो म्हणालो.

काल रविवारी तो आला. देवीदास नाव, पन्नाशीचा, बायकोला घेऊन आला होता. बायको गाडीच्या पायरीकडे पाहून विचारत होती, "माया आईले चढता येईन का हो?" मी बोनटवर हात ठेवला. गरम होतं. नितीननं सकाळपासून सुरू ठेवली होती. त्याच्या मनात पाप नव्हतं, बॅटरी उतरेल म्हणून ठेवली असेल. पण माझा हात तिथंच राहिला. उचलवेना. देवीदास माझ्याकडे तुझ्यासारखाच पाहत होता.

मी पेचकस त्याच्या हातात दिला. म्हणालो, "मले ऐकू येत नाही."

"काय म्हणता?"

"उजवा कान चार-पाच वर्षांपासून बंद हाय. डाव्यानं बारीक आवाज कळत नाही. सुधाकरनं ही गाडी घेतली तवाही मले काही ऐकू आलं नव्हतं. मी घे म्हटलं. त्यानं माया शब्दावर घेतली. हिची चेन खराब हाय. घ्यायची असंल तं नागपूरले मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवून घ्या."

देवीदास पेचकस ओट्यावर ठेवून बायकोला घेऊन निघून गेला. नितीन माझ्यासमोर आला आणि बोलू लागला. रागानं त्याचे ओठ इतके भरभर हलत होते की मला एवढंच समजलं, "माया बाप." ते दोन शब्द पुन्हा पुन्हा. मी उभा राहिलो. मला त्याहून जास्त हवं होतं.

दारातून वहिनी आल्या. भिंत धरत आल्या आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले ठाऊक होतं."

"काय?"

"तुमचा कान. गाडीच्याही आधीपासून. मले सांगून ठेवलं होतं, वामनशी उजव्या अंगानं बोलू नको, त्याले वाईट वाटते."

मी तिथंच ओट्यावर बसलो. टपरीच्या बाकावर तू कित्येक वर्षं माझ्या उजवीकडे बसायचास, मग कधीतरी डावीकडे बसायला लागलास. ऊन लागतं म्हणायचास. आणि ती गाडी! इतक्या हौसेनं घेतलेली, पण मी बरोबर असलो की किल्ली माझ्याकडे फेकायचास. "तूच चालव बे, मले कंटाळा आला." मला वाटायचं, मिस्त्रीचा मान ठेवतो. चालवणारा उजवीकडे बसतो. माझ्या डाव्या कानाशी बसता यावं म्हणून तू आपल्या हौसेच्या गाडीचं स्टिअरिंग मला देत होतास.

म्हणजे नागपूरला माझा कान गेलेला आहे हे जाणूनच तू मला नेलं होतंस. नेलं नसतंस तर मला कळलं असतं की तुला कळलंय. आणि तिथं, दलालासमोर, "कॉम्प्युटरवर लावून पायची का?" असं जे विचारलंस, ते माझ्यासाठी उघडलेलं दार होतं. मी फक्त "लाव" म्हणायचं होतं. कान, मान, सगळं जागेवर राहिलं असतं. मी ते दार तुझ्या तोंडावर आपटलं. आणि तरीही तू घेतलीस, कारण नाही म्हटलं असतंस तर मी खोटा ठरलो असतो. एका माणसाचा मान राखायला कोणी एवढी किंमत देतं का, सुधाकर? तुझ्याशी माझं हे भांडण आता कुठं भांडू?

वहिनी म्हणाल्या, उद्या सकाळी या.

आज सकाळी गेलो. गाडी रात्रभर उभी होती. मी बोनटवर हात ठेवला. थंड. वहिनींनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी रात्रीत आपोआप खाली बसली होती, त्यामुळे त्यांना पाय उचलावा लागला नाही. त्या डावीकडच्या सीटवर बसल्या. "करा चालू. मी ऐकते, तुमाले सांगते."

मी बटण दाबलं. त्यांनी बोट वर केलं. "हे… चाळणीत रेती हलवल्यावानी… हे… थांबलं."

तीन सेकंद. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

"पहिल्या दिवसापासून हाय हा आवाज," त्या म्हणाल्या. "मी त्यायले म्हटलं होतं, भाऊजीले दाखवा. तं म्हणे, वामनले सांगू नको."

मग मी त्यांना सांगितलं, तू त्या दिवशी कुठं निघाला होतास. रस्ता पाहायला. दुसऱ्या दिवशी त्यांना बोडीवर न्यायला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. गावासारखंच त्यांनाही वाटत होतं की म्हातारा हौसेपायी एकटा भटकायला गेला. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

मग माझ्याकडे न वळता, माझ्या चांगल्या कानाशी, त्यांनी विचारलं, "पोलिसायनं त्यायचा मोबाईल दिला, त्यात तुमचं नाव हाय. तीन वेळा. तवापासून मी वाट पाहून राहिली भाऊजी, तुमी सांगान म्हणून. कुठं होते तुमी?"

काल अंगणात मी सगळं बोललो होतो, फक्त हे नव्हतं बोललो. चारचौघांत कान कबूल करणं त्यामानानं सोपं होतं.

"घरीच होतो, वहिनी," मी म्हणालो. "जागा होतो."

त्यांनी हात पुढे करून बटण दाबलं आणि गाडी बंद केली. गाडीची थरथर पायांखालून निघून गेली. मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, गेली काही वर्षं सगळ्यांच्या ओठांकडे पाहतो तसं. ते हलत नव्हते. त्या गाडीत तू नेहमी जिथं बसायचास तिथं त्या बसल्या होत्या, आणि काहीही म्हणत नव्हत्या, आणि ते मला नीट ऐकू येत होतं.